पदवीच्या वाटेवरची परकी भाषा

(जिल्हा ग्रंथालयाच्या व्याख्यानमालेत शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यासमोर एका माहिती अधिकाऱ्याने दिलेले भाषण)



माहिती खात्याचा माणूस बोलावयास उभा राहिला, की तो एखादी योजना सांगणार, अर्ज कोठे करावयाचा व कागदपत्रे कोणती जोडावयाची हे समजावून देणार, अशी श्रोत्यांची रास्त अपेक्षा असते. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे ती शासनाची योजना नाही. ती अमेरिकेतील महाविद्यालयांची एक अट आहे. मात्र अर्ज, दाखला आणि शिक्का यांपासून याही विषयात आपली सुटका नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

काही दिवसांपूर्वी एका गावचे ज्येष्ठ ग्रामपंचायत सदस्य माझ्या कार्यालयात आले. गावात त्यांना सारे आबा म्हणतात. त्यांच्या नातीला अमेरिकेतील एका महाविद्यालयात शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला होता. मुलगी सातवीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत, दहावीपर्यंत गावच्या माध्यमिक विद्यालयात आणि पुढे शहरात विज्ञान शाखेत शिकलेली. आबांच्या हातात महाविद्यालयाकडून आलेल्या पत्राची प्रत होती. "साहेब, पोरीला आणखी एक भाषा शिका म्हणतात. तीन तर येतात तिला. आता चौथी कशाला?" असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

पत्र मी वाचले. पदवीसाठी इंग्रजीखेरीज एका भाषेचा चार सत्रांचा, म्हणजे दोन वर्षांचा अभ्यास आवश्यक होता. ज्यांचे शालेय शिक्षण इंग्रजीव्यतिरिक्त अन्य भाषेतून झाले असेल त्यांना पुरावा दिल्यास सूट मिळेल, असे पुढे एका ओळीत म्हटले होते. शिष्यवृत्ती आठ सत्रांपुरतीच होती. चार सत्रांतील एकेक विषय भाषेत गेला असता, तर मुलीला हव्या असलेल्या रसायनशास्त्राच्या प्रयोगांसाठी जागा उरत नव्हती. सत्राची नोंदणी सुरू होण्यापूर्वी पुरावा पोहोचणे जरूर होते आणि शाळांना उन्हाळी सुट्टी लागलेली होती.

त्या दाखल्याचे काय झाले ते पुढे सांगतो. आबांचा प्रश्न मात्र तेथेच संपला नाही. एखादे महाविद्यालय विद्यार्थ्याला परकी भाषा येते की नाही यावर त्याची पदवी का अडवून धरते, हे मला त्यांना नीट सांगता आले नाही. म्हणून मी शोध घेतला, वाचन केले, आणि ते आज आपल्यापुढे मांडीत आहे.

अटीचा जन्म

अमेरिकेतील सर्वांत जुने महाविद्यालय हार्वर्ड. ते १६३६ मध्ये स्थापन झाले. प्रारंभीच्या काळात तेथे लॅटिन वाचता-बोलता येणे ही प्रवेशाचीच अट होती. लॅटिन ही त्यावेळच्या विद्वानांची व्यवहारभाषा असल्याने ती न येणाऱ्यास व्याख्यानेच समजली नसती. ही अट म्हणजे शोभेचा अलंकार नव्हता, ती शाळेच्या दाराची किल्ली होती. एकोणिसाव्या शतकात चार्ल्स एलियट हे १८६९ मध्ये हार्वर्डचे अध्यक्ष झाले आणि विद्यार्थ्याने आपले विषय आपणच निवडावेत हे तत्त्व त्यांनी रुजविले. लॅटिन-ग्रीकची पकड सैल झाली. फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश या जिवंत भाषांना त्यांच्या शेजारी जागा मिळाली. संशोधनाच्या उच्च पदवीसाठी जर्मन व फ्रेंच वाचता येणे आवश्यक ठरले, कारण शास्त्रांतील व समाजशास्त्रांतील बरेच नवे लेखन त्या भाषांतच होत असे.

या अटीखालून आपल्या महाराष्ट्रातील एक विद्यार्थी गेला आहे. सयाजीराव गायकवाड महाराजांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. १९१६ पर्यंतच्या त्यांच्या तेथील अभ्यासक्रमांची यादी उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे एकोणतीस आणि इतिहासाचे अकरा अभ्यासक्रम त्यात आहेत. समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्र आहेच, आणि यादीच्या शेवटी प्राथमिक फ्रेंचचा एक व प्राथमिक जर्मनचा एक असे दोन अभ्यासक्रम आहेत. कोणाला वाटेल की अट पुरी करण्यापुरतेच ते असावेत. परंतु १९२१ मध्ये जर्मनीतील बॉन विद्यापीठात प्रवेश मिळावा म्हणून बाबासाहेबांनी केलेला पत्रव्यवहार त्या विद्यापीठाच्या दप्तरात जपून ठेवलेला आहे आणि त्यातील त्यांच्या हातचा मजकूर जर्मन भाषेत आहे.

याच संदर्भात त्यांच्या शालेय जीवनातील एक गोष्ट मला येथे सांगितली पाहिजे, कारण समोर शिक्षक बसले आहेत. शाळेत दुसरी भाषा म्हणून त्यांना संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य मानलेल्या जातीच्या मुलास संस्कृत शिकविण्यास नकार मिळाला आणि त्यांना फारसी घ्यावी लागली. पुढे त्यांनी संस्कृत स्वतःच्या प्रयत्नाने आत्मसात केले. भाषेची अट कागदावर सर्वांना सारखी असते. ती पुरी करण्याचे दार मात्र सर्वांना सारखे उघडे असतेच असे नाही, आणि ते उघडणारा किंवा लावून घेणारा बहुतेक वेळा एक शिक्षक असतो.

पंचवीस डॉलरचा दंड

अमेरिकेच्या भाषाविषयक इतिहासात भीतीचाही वाटा आहे. पहिल्या महायुद्धापूर्वी तेथील माध्यमिक शाळांतून जर्मन भाषा मोठ्या प्रमाणावर शिकविली जात होती. युद्ध सुरू झाले, जर्मनी शत्रू ठरली आणि भाषाही शत्रूची ठरली. नेब्रास्का राज्याने १९१९ मध्ये कायदा केला, की आठवी इयत्ता पूर्ण न झालेल्या मुलास कोणतीही परकी भाषा शिकविता येणार नाही. रॉबर्ट मायर नावाच्या एका शाळामास्तरांनी दहा वर्षांच्या एका मुलास जर्मन वाचन शिकविले म्हणून त्यांना पंचवीस डॉलर दंड झाला. मास्तरांनी दंड भरून प्रकरण मिटविले नाही. ते सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९२३ मध्ये न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. भाषा शिकविण्याचा शिक्षकाचा व आपल्या मुलास काय शिकवावे हे ठरविण्याचा पालकांचा हक्क त्या निकालाने मान्य झाला. अमेरिकेतील वकील आजही त्या निकालाचा आधार घेतात. पंचवीस डॉलर ही त्या काळीसुद्धा फार मोठी रक्कम नव्हती. तेवढ्यासाठी एवढी यातायात करणारा मास्तर आपल्या तालुक्यात असता तर आपण त्याला हट्टी म्हटले असते, आणि त्याची बदलीही मागितली असती.

पुढची भीती मात्र उलट दिशेने फलदायी ठरली. ४ ऑक्टोबर १९५७ रोजी सोव्हिएत रशियाने स्पुटनिक हा कृत्रिम उपग्रह अवकाशात सोडला. आपण विज्ञानात मागे पडलो, आणि शत्रू काय लिहितो-वाचतो हेही आपणांस समजत नाही, या जाणिवेने अमेरिका खडबडून जागी झाली. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा संमत झाला. गणित व विज्ञान यांच्याबरोबर परकीय भाषांच्या शिक्षणासाठी त्या कायद्याने पैसा उपलब्ध करून दिला. त्याच्या सहाव्या प्रकरणाखाली विद्यापीठांतून भाषा व प्रदेश-अभ्यासाची केंद्रे उभी राहिली. रशियन, चिनी, अरबी यांच्याबरोबर हिंदी, तमिळ, बंगाली आणि मराठी यांनाही त्या केंद्रांत स्थान मिळाले.

मराठीच्या दृष्टीने ही घटना लहान नव्हे. पेनसिल्व्हेनिया व शिकागो या विद्यापीठांतून मराठी शिकविली गेली. १९६१ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज या संस्थेने पुण्यात मराठीचे वर्ग चालविले. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी महाराष्ट्रात आल्या, फलटणला स्थायिक झाल्या, आणि जाई निंबकर यांच्या सहकार्याने त्यांनी परभाषिकांसाठी मराठीचे पाठ्यक्रम व व्याकरण सिद्ध केले. ते व्याकरण १९७५ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने प्रसिद्ध केले. मराठी घेऊन अट पुरी करू पाहणारा अमेरिकन विद्यार्थी 'मी जातो' आणि 'मला जायचे आहे' यांतील फरक फलटणमध्ये तयार झालेल्या पाठांतून शिकला. एलिनॉर झेलियट यांनी आंबेडकरी चळवळीच्या अभ्यासासाठी मराठी शिकून घेतली, १९६९ मध्ये त्याच विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली आणि मिनेसोटा राज्यातील कार्लटन महाविद्यालयात दीर्घकाळ अध्यापन केले. त्याच महाविद्यालयाच्या विद्यार्थिनी गेल ऑम्व्हेट पुढे सांगली जिल्ह्यातील कासेगावच्या झाल्या. या सर्वांची सुरुवात वर्गातील बाराखडीपासून झाली.

आणखी एक गोष्ट येथील वडीलधाऱ्यांना मौजेची वाटेल. पी. एल. ४८० या कायद्याखाली अमेरिकेचा गहू आपल्याकडे आला, त्याची किंमत आपण रुपयांत भरत असू. त्या रुपयांतील काही भाग १९६२ पासून भारतीय भाषांतील पुस्तके व नियतकालिके विकत घेण्यासाठी वापरण्यात आला आणि ती अमेरिकेतील ग्रंथालयांत पोहोचली. आपल्याकडे गहू आला आणि त्याच्या मोबदल्यात काही प्रमाणात मराठी कादंबऱ्या गेल्या, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

अट कशी पाळली जाते

आता प्रत्यक्ष व्यवहाराकडे वळू. १९६५ च्या सुमारास अमेरिकेतील चार वर्षांच्या महाविद्यालयांपैकी सुमारे ८९ टक्के महाविद्यालयांत पदवीसाठी परकी भाषेची अट कोणत्या ना कोणत्या स्वरूपात होती. मग विद्यार्थी चळवळींचा काळ आला. सक्तीचे विषय नकोत, ही मागणी जोरात होती आणि त्यात भाषेचा बळी प्रथम गेला. ब्राउन विद्यापीठाने १९६९ मध्ये सक्तीच्या अभ्यासक्रमांची चौकटच काढून टाकली. १९८२ च्या सुमारास अट असलेल्या महाविद्यालयांचे प्रमाण ४७ टक्क्यांवर आले. मधल्या काळात, १९७९ मध्ये, राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या आयोगाने अमेरिकनांच्या भाषिक अज्ञानाबद्दल अतिशय कडक शब्दांत ताशेरे झाडले. १९९४-९५ पर्यंत हे प्रमाण ६७ टक्क्यांच्या वर गेले आणि २००९-१० मध्ये पुन्हा सुमारे ५१ टक्के झाले. समुद्राच्या भरती-ओहोटीप्रमाणे ही अट वरखाली होत आली आहे.

अट पुरी करण्याचे मार्ग तीन. पहिला, महाविद्यालयात येऊन नव्याने भाषा शिकणे. दुसरा, शाळेत शिकलेल्या भाषेची प्रवेशावेळी परीक्षा देऊन वरच्या पायरीवर सुरुवात करणे किंवा पूर्ण सूट मिळविणे. तिसरा आपल्या आबांच्या नातीचा, म्हणजे शिक्षणच अन्य भाषेतून झाल्याचा पुरावा देणे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया महाविद्यालयात चार सत्रांइतके ज्ञान अपेक्षित असते. कोठे दोन सत्रे पुरतात, तर कोठे कला शाखेच्या पदवीस भाषा लागते आणि विज्ञानाच्या पदवीस लागत नाही. अनेक ठिकाणी मूकबधिरांची अमेरिकन खुणांची भाषाही या अटीस पात्र धरली जाते, आणि याचे मला फार अप्रूप वाटले. २०२१ च्या पाहणीत स्पॅनिश शिकणारे सुमारे ५ लाख ८४ हजार आणि फ्रेंच शिकणारे सुमारे १ लाख ३५ हजार महाविद्यालयीन विद्यार्थी होते, आणि त्याखालोखाल १ लाख ८ हजारांच्या आसपास विद्यार्थी खुणांची भाषा शिकत होते.

चार सत्रांत किती भाषा येते, याचा हिशेब करून पाहावा. एक सत्र पंधरा आठवड्यांचे, आठवड्यास चार तास धरले तर चार सत्रांचे २४० तास होतात. अमेरिकन परराष्ट्र खाते आपल्या अधिकाऱ्यांना कामापुरती स्पॅनिश येण्यास ६०० तासांहून अधिक वर्गशिक्षण देते. हिंदीसाठी हा आकडा सुमारे ११०० तासांचा आहे, तर जपानीसाठी २२०० तासांचा. म्हणजे पदवीची अट पुरी केलेला विद्यार्थी त्या भाषेच्या ओसरीवर पोहोचतो, माजघरात नव्हे. ही अट निरर्थक आहे असे म्हणणारे नेमके याच आकड्यावर बोट ठेवतात. २०१६ ते २०२१ या पाच वर्षांत तेथे भाषा शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची संख्या १६ टक्क्यांहून अधिक घटली. २०२३ मध्ये वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाने पैशाच्या ओढाताणीत आपला जागतिक भाषांचा विभागच मोडीत काढला.

मला स्वतःला तो युक्तिवाद पुरता पटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या शिक्षणात आहे. अकरावीला दुसरी भाषा निवडावयाची वेळ आली तेव्हा मी अर्धमागधी घेतली. भाषेच्या ओढीने नव्हे, तर तीत गुण भरघोस पडतात आणि मार्गदर्शक पुस्तक पातळ आहे, असे वरच्या वर्गातील मुलांनी सांगितले म्हणून. उत्तरे पाठ केली. गुणही ऐंशीच्या वर पडले. पुढे कला शाखेचा पदवीधर झालो, नोकरीस लागलो. काही वर्षांपूर्वी कामानिमित्त जुन्नरकडे जाणे झाले असता नाणेघाटातील सातवाहनांचा शिलालेख पाहिला. दोन हजार वर्षांपूर्वीची ती प्राकृत. ब्राह्मी लिपी मला येत नाही हे ठीक. परंतु सोबतच्या अभ्यासकाने देवनागरीत उतरवून दिलेला मजकूरही मला लागेना. माझ्या भाषेच्या थोरल्या बहिणींपैकी एक मी दोन वर्षे 'शिकलो' होतो, आणि दुसरीने बोलाविले तेव्हा मला ओ देता आली नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला. त्याची वृत्ते तयार करताना मला ती जागा पुन्हा आठवली. तेव्हा दोष अटीचा होता की ती चुकविण्याच्या माझ्या चातुर्याचा, हे आपणच ठरवावे.

पुण्यात भेटलेल्या एका तरुणाचे उदाहरण याच्या नेमके उलटे आहे. आईवडील सोलापूरकडचे, जन्म न्यू जर्सीचा. महाविद्यालयात भाषेची अट आली तेव्हा मराठी आपली घरचीच, परीक्षा दिली की सुटलो, असे त्याला वाटले. आजीशी तो फोनवर अस्खलित बोले. परीक्षेत मात्र वाचन व लेखनही होते. 'जेवलास का' पासून 'झोपतो आता' पर्यंतची सारी मराठी त्याला येत होती आणि वर्तमानपत्राचा मथळा वाचता येत नव्हता. त्याला अक्षरओळखीपासून बसविण्यात आले. उन्हाळ्यात तो पुण्यास आला तेव्हा स्वारगेटच्या स्थानकावर उभा राहून गाड्यांच्या पाट्या मोठ्याने वाची. 'विनावाहक' हा शब्द त्याने पूर्ण वाचला, तेव्हा त्याला एवढा आनंद झाला की शेजारचा प्रवासी दचकला. आजीला त्याने स्वतःच्या हाताने पत्र लिहिले. आजीने ते देव्हाऱ्यापाशी ठेवले आहे, असे तो म्हणाला. परदेशातील महाराष्ट्र मंडळे रविवारच्या मराठी शाळा कशासाठी चालवितात, हे मला त्या दिवशी समजले. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या छत्राखाली उत्तर अमेरिकेत अशा अनेक शाळा भरतात.

येथे शासकीय कर्मचारी बसले आहेत, म्हणून एक आठवण करून देतो. महाराष्ट्राच्या संवर्गात नेमणूक झालेल्या भारतीय प्रशासन सेवेतील परप्रांतीय अधिकाऱ्यास मसुरीच्या प्रशिक्षणातच मराठीचे धडे घ्यावे लागतात. त्याचीही अट थोड्याच तासांची असते. पण जिल्ह्यात आल्यावर एखादा अधिकारी ग्रामसभेत मोडक्या मराठीत दोन वाक्ये बोलतो, तेव्हा सभेचा नूर कसा पालटतो, हे आपण पाहिले आहे. माजघरात गेलेला नसला तरी तो ओसरीवर चढलेला असतो, आणि ओसरीवर आलेल्या पाहुण्यास आपण पाणी देतोच.

दाखल्याची हकीकत

आता दाखल्याकडे येतो. विद्यालयाचे मुख्याध्यापक सुट्टीसाठी आपल्या गावी गेले होते. लिपिकांनी छापील नमुन्यातील बोनाफाइड दाखला भरून दिला. त्यात जात, जन्मतारीख, वर्तणूक चांगली आणि मातृभाषा मराठी, असे सारे होते. तो स्कॅन करून पाठविला. चार दिवसांनी महाविद्यालयाचे उत्तर आले. विद्यार्थिनीची मातृभाषा कोणती हे आम्ही विचारलेले नाही, तिला कोणत्या इयत्तेपर्यंत कोणत्या भाषेतून शिकविले हे कृपया कळवावे.

आबा संतापले. "मराठी माणसाच्या पोरीला मराठी येते, याला पुरावा काय द्यायचा?" परंतु शांतपणे विचार केला तर महाविद्यालयाचे म्हणणे चुकीचे नव्हते. न्यू जर्सीच्या त्या मुलाची मातृभाषाही मराठीच होती. मातृभाषा म्हणजे जन्माची गोष्ट, आणि शिक्षणाचे माध्यम म्हणजे दहा वर्षांची मेहनत. ती मेहनत आमच्या छापील नमुन्यात कोठे दिसत नव्हती.

मुख्याध्यापक सर दुसऱ्या दिवशी एस.टी.ने परत आले. जनरल रजिस्टर काढले. जिल्हा परिषदेच्या शाळेच्या गुरुजींनीही शाळा उघडून आपले रजिस्टर दाखविले. मग आम्ही तिघांनी बसून एक साधा मजकूर तयार केला. विद्यार्थिनी अमुक वर्षापासून अमुक वर्षापर्यंत पहिली ते दहावी शिकली, त्या सर्व इयत्तांत गणित, विज्ञान, इतिहास, भूगोल हे विषय तिला मराठीतून शिकविण्यात आले, लेखी परीक्षाही मराठीतूनच झाल्या, आणि शालान्त परीक्षेस तिची प्रथम भाषा मराठी होती. सोबत शालान्त परीक्षेची गुणपत्रिका जोडली, प्रत्येक कागदाचा इंग्रजी अनुवाद केला, मूळ व अनुवाद दोहोंवर सही-शिक्का घेतला. इंग्रजी मजकुरावर सर तीन वेळा थबकले. चूक राहू नये, पोरीचे नुकसान व्हायला नको, एवढेच ते म्हणत होते.

सूट मिळाली. नोंदणीस सहा दिवस बाकी होते.

मला राहून राहून वाटते ते असे. गावच्या शाळेतील दहा वर्षांचे मराठीतून झालेले शिक्षण, ज्याबद्दल पालक आज साशंक असतात आणि ज्यापायी तालुक्याच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी दारोदार फिरते, तेच शिक्षण एका परदेशी महाविद्यालयाने चार सत्रांच्या अभ्यासक्रमाबरोबरीचे, किंबहुना त्याहून अधिक, म्हणून मान्य केले. इंग्रजी शाळेत गेलेल्या तिच्या चुलत भावास हे मिळाले नसते. इंग्रजी शिकूच नये असे मी म्हणत नाही, आणि मुलीचे इंग्रजी चांगले होते म्हणूनच तिला प्रवेश मिळाला. परंतु या हिशेबाची ही बाजू पालकसभेत कोणी सांगत नाही, ती आपण सांगावी.

त्या दाखल्याचा मजकूर मराठी व इंग्रजी दोन्ही भाषांत टंकलिखित करून मी येथे ग्रंथपालांकडे ठेवला आहे. ज्या मुख्याध्यापकांना हवा असेल त्यांनी तो न्यावा. नावे, वर्षे व इयत्ता आपल्या रजिस्टरवरूनच भराव्यात, आठवणीवरून भरू नयेत. महाविद्यालयानुसार अटी निरनिराळ्या असल्याने त्यांचे पत्र प्रथम संपूर्ण वाचावे आणि सुट्टी लागण्यापूर्वी कामास लागावे.

आबा मागच्या आठवड्यात पुन्हा आले होते. नातीचा फोन आला होता. सूट मिळालेली असूनही तिने एका सत्रासाठी स्पॅनिशचा वर्ग घेतला आहे. वसतिगृहाच्या भोजनगृहात पोळीसारखा एक पदार्थ करणाऱ्या मावशी स्पॅनिश बोलतात आणि त्यांच्याशी हिला बोलता येत नव्हते, एवढेच कारण. रसायनशास्त्राच्या प्रयोगास बाधा येणार नाही ना, हे आबांनी दोन वेळा विचारून घेतले. मग मला म्हणाले, "साहेब, आता याचाही दाखला लागेल का हो?"

लागणार नाही, असे मी त्यांना सांगितले आहे.